एकच प्रोग्रॅम कमांड लाइनवर आणि विंडोतही चालवायचाय? मग हे आधी वाच

तू विंडोजवर काम करतोयस, म्हणून मूळ अडचण आधी समजून घे. ईएक्सई फाइलच्या हेडरमध्ये प्रोग्रॅम कन्सोलचा (म्हणजे कमांड लाइनच्या काळ्या चौकटीतला) की विंडोचा, हे लिंक करतानाच, म्हणजे ईएक्सई तयार होतानाच ठरतं. कन्सोलचा केलास तर आयकॉनवर डबल क्लिक केल्यावर मागे काळी चौकट उघडते. विंडोचा केलास तर कमांड प्रॉम्प्टवर आउटपुट दिसत नाही.

विंडोच्या प्रोग्रॅमला आधीच उघड्या असलेल्या कन्सोलशी जोडणारं 'अटॅचकन्सोल' हे विंडोजचं फंक्शन वापर, असं बरेच जण सुचवतील. पण विंडोचा प्रोग्रॅम संपेपर्यंत प्रॉम्प्ट थांबत नाही. तो लगेच परत येतो आणि तुझं आउटपुट त्याच्या अंगावर छापलं जातं. मला हे पटत नाही.

सरळ दोन फाइली कर. व्हिज्युअल स्टुडिओही तेच करतं: 'डेव्हएन्व्ह डॉट कॉम' कन्सोलसाठी, 'डेव्हएन्व्ह डॉट ईएक्सई' विंडोसाठी. नुसतं नाव टाइप केलं की 'पाथएक्सटी'च्या (कुठली एक्स्टेन्शन कुठल्या क्रमाने शोधायची, ते सांगणाऱ्या विंडोजच्या) यादीत डॉट कॉम आधी असल्यामुळे कन्सोलची फाइल चालते. शॉर्टकट मात्र ईएक्सईला जोडायचा.

खरं काम या दोन्हींत नको, वेगळ्या लायब्ररीत ठेव. तिथे प्रिंट नको, आणि मेसेज बॉक्स तर अजिबात नको! रात्री टास्क शेड्यूलरने चालवलेला प्रोग्रॅम 'ओके' दाबायला कुणी नाही म्हणून सकाळपर्यंत अडकून बसतो. काम किती झालं ते कॉलबॅकने (लायब्ररीला दिलेलं फंक्शन तिनेच बोलावून) कळव, चूक झाली तर एक्सेप्शन फेक. कमांड लाइनवाली फाइल त्या एक्सेप्शनचा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना परत देतो तो आकडा) करेल, विंडोवाली मेसेज दाखवेल.

लिनक्सवर हा कन्सोल-विंडो भेदच नाही, तिथे एक फाइल पुरते.