‘राजीनामा द्या, सोपं जाईल’

प्रश्न : ताई, मी मॅन्युअल टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासून बघण्याच्या कामात आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत आठ वर्षं सात महिने झाले. दिवाळीनंतर प्रोजेक्ट संपला आणि मी बेंचवर आलो, म्हणजे पगार चालू पण प्रोजेक्ट नाही. तरी रोज जायचं, कार्ड पंच करायचं, नऊ तास भरायचे आणि कॅफेटेरियात बसून ऑटोमेशनचे (तीच तपासणी प्रोग्रॅमकडून करून घेण्याचे) व्हिडिओ बघायचे, असं चाललंय. चार ठिकाणी अंतर्गत मुलाखती दिल्या, सगळीकडे ‘ओव्हरक्वालिफाइड’. गेल्या आठवड्यात एचआरने बोलावलं. ‘स्वतःहून राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेट करावं लागेल, मग पुढे कोणी घेणार नाही,’ असं सांगितलं. सोमवारपर्यंत मुदत आहे. महिन्याचा एकूण पगार ९८ हजार, त्यात बेसिक ४२. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ३६ हजार. बायकोला सांगितलंय. वडील विट्याला असतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यांना काही बोललेलो नाही. राजीनामा देऊन मोकळा होऊ का?
– म. ज., वाकड

उत्तर : सोमवारी सही करू नका. मंगळवारीही नको. आधी हे वाचा.

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काढली, त्यामुळे तुम्ही ज्या खोलीत बसून आलात ती मला पाठ आहे. दुपारी साडेचारचं निमंत्रण, विषयाच्या जागी नुसतं ‘कनेक्ट’. टेबलावर टिश्यूचा डबा. समोर एचआरमधला एक नवखा मुलगा, हातात छापील संवाद, आणि कोपऱ्यात बोलायचंच नाही असं ठरवून आलेला तुमचा मॅनेजर. त्या मुलाला तुमचा राग नसतो. त्याला त्या तिमाहीत किती नावं ‘क्लोज’ करायची तो आकडा दिलेला असतो.

कंपनीला तुमच्या हातचाच राजीनामा का हवा असतो? कारण राजीनामा गळतीत, म्हणजे स्वतःहून सोडून गेलेल्यांत मोजला जातो, तर काढून टाकलं की ती कपात. कपातीला नोटीस लागते, कारण लागतं, भरपाई लागते, शिवाय पेपरात बातमी येते. राजीनाम्याला फक्त पोर्टलवर एक क्लिक पुरते. ‘सोपं जाईल’ हे खरं आहे, पण कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

‘पगार लाखाच्या घरात, म्हणजे आपण कामगार नाही’ ही आयटीतली सगळ्यात महागडी समजूत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक आणि कुशल काम करणारा ‘कामगार’ होता, त्याला पगाराची मर्यादा नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच आहे. मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांना, १८ हजारांची. व्यवस्थापक आणि प्रशासक मात्र बाहेर. तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर ‘लीड’ छापलंय की ‘कन्सल्टंट’ याने फरक पडत नाही. तुम्ही कोणाच्या रजा मंजूर करता का, कोणाचं अप्रेझल लिहिता का, हे बघितलं जातं. तुम्ही टेस्ट केसेस लिहिता. तुम्ही कामगार आहात.

अशा माणसाला काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची वर्षं नऊ. नव्या संहितेप्रमाणे शिवाय पंधरा दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीतून (नवं काम शिकता यावं म्हणूनचा निधी) ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायला हवं. राजीनामा दिलात की यातलं काही नाही.

ग्रॅच्युइटी मात्र दोन्हीकडे मिळते, पाच वर्षं कधीच उलटलीत. ४२ हजारांवर गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९ : साधारण २ लाख १८ हजार. पण नव्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. तुमच्या ९८ चे निम्मे ४९. त्या हिशेबाने रक्कम २ लाख ५४ हजारांच्या आसपास जाते. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब, नेमकं कशावर काढणार ते लेखी विचारा. आणि त्यातला राहिलेला पगार आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, ‘पंचेचाळीस दिवस लागतात’ हे जुनं पालुपद ऐकून घेऊ नका.

आज रात्रीच एक काम करा. त्या बैठकीत कोण होतं, काय म्हणालं, किती वाजता, हे चार ओळींत एचआरला मेल करा. ‘मी राजीनामा देऊ इच्छित नाही, मला काम द्यावं, मी उपलब्ध आहे,’ एवढंच. रागाचा एक शब्द नको. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, गेल्या तीन वर्षांची अप्रेझल्स तुमच्या स्वतःच्या मेलवर असायला हवीत, कारण ठरलं की संध्याकाळपर्यंत लॅपटॉप बंद होतो. क्लायंटचं मात्र काहीही उचलू नका. तेवढं एक कारण त्यांना पुरतं.

त्यानंतर बहुतेक ठिकाणी सूर बदलतो आणि बोलणी सुरू होतात. इथे मी स्पष्ट बोलते : कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते, आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना पुण्यात आहेत, त्या सोबत येतात. पण प्रकरण न्यायाधिकरणात गेलं की वर्षं जातात आणि हप्ता दर महिन्याला येतो. म्हणून घासाघीस करा. तीन-चार महिन्यांचा पगार, नेमणूकपत्रात ९० दिवसांची नोटीस असेल तर तिचे पैसे, रिलीव्हिंग लेटरचा मसुदा, सगळं लेखी हातात पडलं तर राजीनामा द्यायला माझी हरकत नाही. फुकट द्यायला आहे. आणि आई-वडील कंपनीच्या आरोग्य विम्यात असतील तर शेवटच्या दिवसाआधी विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचा अर्ज टाका. हे शंभरातले नव्वद जण विसरतात.

‘पुढे कोणी घेणार नाही’ ही धमकी मी स्वतः शेकडो वेळा ऐकली आहे. कपात म्हणजे गैरवर्तन नव्हे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये १२ हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, त्याआधी जूनमध्ये वर्षाला २२५ दिवस बिलेबल (ग्राहकाला ज्याचं बिल लावता येतं असे) हवेत आणि बेंच ३५ दिवसांपेक्षा जास्त नको असा नियम आणला. आज मुलाखत घेणाऱ्यालाही बेंच म्हणजे काय ते ठाऊक असतं. तुमची खरी अडचण ‘मॅन्युअल’ या शब्दात आहे, ते व्हिडिओ नुसते बघू नका, काहीतरी करून दाखवण्यासारखं बांधा.

आणि वडिलांना सांगा. तुम्हाला वाटतंय त्यांना धक्का बसेल. अहो, एसटीच्या वर्कशॉपमध्ये ज्याने नोकरी काढली त्याने चार्जशीट, निलंबन, संप हे सगळं जवळून पाहिलेलं असतं. २०२१-२२ च्या संपात पगाराविना पाच महिने काढलेली घरं त्यांच्याच गल्लीत असतील. ‘सही केलीस का?’ हा पहिला प्रश्न तेच विचारतील.

प्रश्न : माझी मुलगी ऐरोलीला सपोर्टमध्ये आहे. शिफ्ट रात्री एकला सुटते, कॅबमध्ये बऱ्याचदा ती शेवटची असते. मला इथे चिपळुणात झोप लागत नाही. नोकरी सोडायला सांगू का?
– एक आई

उत्तर : नको. नोकरी तिची आहे, नियम कंपनीने पाळायचे आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या तरुणीचा कंपनीच्याच कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने खून केला. तेव्हापासून बाई पहिली किंवा शेवटची असेल तर गाडीत गार्ड हवा, हे आग्रहाने मागितलं जाऊ लागलं. मुलीला सांगा, ट्रान्सपोर्ट डेस्कला मेल कर : ‘मी शेवटची आहे, गार्ड हवा किंवा रूट बदला.’ तोंडी नको. गार्ड आला नाही तर गाडीत बसायचं नाही, त्या रात्रीची नोंद पुन्हा मेलवर. आणि तुम्ही घरी पोचल्याचा मेसेज मागा, दर दहा मिनिटांनी फोन नको.

प्रश्न : जळगावचा आहे, पहिलीच नोकरी. दोन वर्षांचा बाँड, मोडला तर दोन लाख. मूळ मार्कशीट आणि डिग्री जमा करायला सांगतायत.
– नाव नको

उत्तर : मूळ कागद कोणालाच द्यायचे नाहीत. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. अडून बसले तर कंपनी कशी आहे ते जॉइन होण्याआधीच कळलं. बाँड मात्र सगळेच पोकळ असतात असं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. पण ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता. खासगी कंपनीला आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई. म्हणून सही करण्याआधी विचारा : ट्रेनिंग किती आठवड्यांचं, कोण देणार, खर्च किती. उत्तर ‘ऑन द जॉब’ आलं तर रक्कम कमी करून मागा. आणि बाँडची एक सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी घरी न्या.