बक्षीस मिळालं, आता पुढची फिल्म कधी?

प्रिय पोरी,

बक्षिसाचं कळलं. मनापासून अभिनंदन. फिल्म दोनदा पाहिली. आजी दार लावून घेते आणि तू कॅमेरा बाहेर अंगणातच ठेवतेस, ती जागा फार आवडली.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र पटली नाही. तू लिहितेस, तमिळ दिग्दर्शक कार्तिक सुब्बराजसारखं करायचंय: शॉर्टफिल्म, बक्षीस, फीचर (पूर्ण लांबीची फिल्म), मग थेट रजनीकांतची फिल्म. यादी ढोबळमानाने खरी आहे. पण तिच्यातल्या स्वल्पविरामांमध्ये काय काय घडलं, ते बघ की.

मदुराईचा हा इंजिनिअर कलैञर टीव्हीवरच्या 'नाळैय इयक्कुनर' (उद्याचा दिग्दर्शक) या शॉर्टफिल्मच्या स्पर्धेत उतरला. पहिल्या पर्वाचं विजेतेपद त्याला मिळालंच नाही, ते नलन कुमारसामीने नेलं. पण फेरी आली की नवी फिल्म द्यायची, परीक्षकांची बोलणी सगळ्या तामिळनाडूदेखत खायची आणि पुन्हा लिहायला बसायचं, ही सवय त्यातून लागली. तुला एका फिल्मला दीड वर्ष लागलं. त्यातले शूटिंगचे दिवस किती आणि 'अजून जमत नाहीये' म्हणत घालवलेले किती, हे तुलाच ठाऊक.

दुसरी गोष्ट माणसांची. विजय सेतुपती तेव्हा कुणी मोठा नव्हता. तो आणि बॉबी सिम्हा या पोरांच्या शॉर्टफिल्ममध्ये काम करत होते. पुढे कार्तिकच्या पहिल्या फीचरमध्ये, 'पिझ्झा'त, दोघं आहेत, नलनच्या 'सूदु कव्वुम'मध्येही दोघं आहेत. कार्तिकच्याच 'जिगरठंडा'साठी तर सिम्हाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुझा साउंडवाला मुलगा, ज्याने ऐन उन्हाळ्यात शॉटआधी पंखा बंद करायला लावून सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला सोडू नकोस. तुझ्या फिल्ममधला आजीचा श्वास ऐकू येतो तो त्याच्यामुळे. मुंबईत मोठ्या नावाचा कॅमेरामन मिळेलही, पण तुझ्यासाठी पंखा बंद करणारा माणूस रोज मिळत नाही.

आणि आता तुझी ती ऊसतोड कामगारांवरची स्क्रिप्ट. चांगली आहे. पण चार जिल्हे, दोन हंगाम, बैलगाड्यांचा तांडा! प्रोड्यूसर पान उलटायच्या आधी खर्च मोजतो. कार्तिककडेही 'जिगरठंडा'ची कथा आधीपासून होती. तिच्या बजेटला कुणी तयार होईना, म्हणून त्याने कमी खर्चात होईल असं काहीतरी लिहिलं. पिझ्झा पोचवणारा एक पोरगा, एक बंगला, अंधार, हातात टॉर्च. सी. व्ही. कुमार या निर्मात्याने पैसे घातले, २०१२ मध्ये 'पिझ्झा' आला आणि चालला. 'जिगरठंडा' त्यानंतर, २०१४ मध्ये. गंमत म्हणजे त्याचा नायक टीव्हीवरच्या अशाच स्पर्धेतून बाहेर पडलेला होतकरू दिग्दर्शक आहे! ऊसतोडीची स्क्रिप्ट फाडू नकोस, खणात ठेव. आधी एका वाड्यात, एका रात्रीत संपणारं काहीतरी लिही.

बक्षीस मिळालेली फिल्मच ताणून फीचर करावी का, असंही तू विचारलंस. बालाजी मोहनने आपल्या शॉर्टफिल्मचं, 'कादलिल सोदप्पुवदु येप्पडि'चं, तसं केलं, अल्फोन्स पुत्रनने 'नेरम'चं केलं. होतं, पण तुझ्या फिल्मचं होणार नाही असं मला वाटतं. तिचा सगळा जीव त्या बंद दारात आहे. ते दार दोन तास बंद ठेवलंस तर प्रेक्षक उठून जाईल.

शॉर्टफिल्म म्हणजे पहिली पायरी, एकदा चढलो की संपलं, असं समजणाऱ्यांचा मला जरा रागच येतो. 'सैराट'नंतर नागराज मंजुळेंना कुणी अडवलं असतं का? तरी त्यांनी 'पावसाचा निबंध' केला आणि त्याच्या दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्तिकने २०१५ मध्ये 'बेंच टॉकीज' नावाने सहा शॉर्टफिल्म एकत्र थिएटरात लावल्या. पुढच्या वर्षीच्या 'अवियल' या तशाच संग्रहामध्ये बँकेत नोकरी केलेल्या एका पोराची शॉर्टफिल्म होती. तो लोकेश कनगराज. 'विक्रम' तू तीनदा पाहिलास ना, त्याचा दिग्दर्शक.

आता तातडीचं. तुझ्या फिल्ममध्ये रेडिओवर जुनं गाणं वाजतं. कॉलेजच्या स्पर्धेत कुणी विचारलं नाही, पण मोठे फेस्टिव्हल हक्कांचे कागद मागतात आणि गाण्याच्या कंपनीची रक्कम तुझ्या अख्ख्या बजेटपेक्षा जास्त निघेल. ते काढ. त्या जागी बाजारभावाच्या बातम्या टाक, तुझ्याच आवाजात रेकॉर्ड केल्यास तरी चालतील. आजीची आणि घरमालकाची सही असलेलं संमतीपत्र घे, तारखेसकट. आणि फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलमधल्या शॉर्टफिल्म स्पर्धेला पंधरा मिनिटांची मर्यादा आहे, तुझी फिल्म अठराची. विहिरीवरचा सीन निघू शकतो. काढून बघ आणि नवा कट रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर