ब्रेकचे तुकडे करताना

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी फोंडा येथे राहतो आणि गेली दोन वर्षे घरच्या संगणकावर ड्रम अँड बेस प्रकारचे संगीत तयार करतो. प्रसिद्ध ‘आमेन’ ब्रेकचे, म्हणजे एका जुन्या रेकॉर्डीतल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्याचे, बारीक तुकडे करून ते १७४ बीपीएमच्या (मिनिटाला १७४ मात्रांच्या) ग्रिडवर नेमके बसवले, वर आवाज खरखरीत करणारे डिस्टॉर्शन आणि मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर लावला. तरीही पत्र्यावर पाऊस पडावा तसा नुसता ताडताड आवाज येतो. जुन्या रेकॉर्डींत हाच ब्रेक इतका भरलेला कसा वाटतो? ‘रीसॅम्पल कर’ असे सगळे सांगतात, पण आवाज बदलणारे प्लगइन चालू ठेवले काय आणि त्यातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला काय, फरक कुठे पडतो हे मला कळत नाही. सोबत फाइल पाठवत आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली फाइल लक्षपूर्वक ऐकली. डिस्टॉर्शनबद्दल नंतर बोलू. बिघाड त्याच्या आधीच झालेला आहे. दुसऱ्या मात्रेवरच्या स्नेअरनंतरचा (स्नेअर म्हणजे तारा लावलेला कडक आवाजाचा ड्रम) भाग पडद्यावर मोठा करून पाहिला, तेव्हा स्नेअरची आस, म्हणजे आघातामागे रेंगाळणारा आवाज, मध्येच सुरीने कापल्यासारखी तुटलेली दिसली, आणि तिच्यामागून येणारे दोन हलके आघात तर जागेवरच नव्हते. तुकडे करण्याचे काम आपण सॉफ्टवेअरवर सोपवले असावे. त्याला मोठे आघात ओळखता येतात. बारीक आघात ते शेजारच्या तुकड्यात गुंडाळून टाकते.

येथे थोडे गणित करावे लागेल. हा ब्रेक ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या ‘आमेन, ब्रदर’ या रचनेतला असून तो ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला आहे. मुळात तो चार आवर्तनांचा, सुमारे सात सेकंदांचा, आणि त्याची गती १३७ बीपीएमच्या आसपास आहे. त्या गतीला मात्रेचा चौथा हिस्सा सुमारे १०९ मिलिसेकंदांचा असतो, तर १७४ बीपीएमला तोच हिस्सा ८६ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे मूळ स्वरपट्टी तशीच ठेवून आपण तुकडे ग्रिडवर जवळजवळ आणून बसवले की प्रत्येक तुकड्याचे शेवटचे सुमारे २३ मिलिसेकंद पुढच्या तुकड्याखाली छाटले जातात. राइड झांजेची घरंगळ, स्नेअरच्या तारांची सरसर, खोलीचा घुमारा हे सारे नेमके त्याच छाटलेल्या भागात असते. आघातांची डोकी तेवढी शिल्लक राहिली, आणि तोच आपला ताडताड आवाज.

उपाय जुनाच आहे. तुकडे करण्यापूर्वी अख्खा ब्रेक रेकॉर्डचा वेग वाढवावा तसा, स्वर आणि गती एकत्र चढवून, वर न्यावा. चार सेमिटोन (पेटीवरच्या लगतच्या चार पट्ट्या) चढवले की गती १.२६ पट होते आणि १३७ बीपीएमचा ब्रेक जवळजवळ १७३ला पोहोचतो. राहिलेला फरक किरकोळ असतो. अशा रीतीने आसही आघातांच्याच प्रमाणात आखूड होते आणि काहीच कापावे लागत नाही. ड्रम अँड बेसमधल्या ब्रेकला जो ताठ, किंचित चढा आवाज असतो, तो बऱ्याच अंशी या चढवण्यातूनच आलेला आहे.

तुकडे हातानेच करा. आमेनची पहिली दोन आवर्तने सारखी आहेत, तिसऱ्यात शेवटचा स्नेअर अर्धी मात्रा उशिरा येतो, आणि चौथ्यात पहिली मात्रा मोकळी सोडून पुढे उलटसुलट आघात आणि अपेक्षेपूर्वीच येणारा क्रॅश झांजेचा आघात आहे. हा सारा खेळ आघातांमधल्या अंतरांचा आहे. गोव्यातल्या घुमट आरतीत (घुमट म्हणजे एका तोंडावर कातडे चढवलेले मातीचे वाद्य) ज्याने कधी हात घातला असेल त्याला हे वेगळे सांगायला नको : समेवरचा ठोका कोणीही मारील, वादकाची ओळख मधल्या भरीच्या हातांवरून पटते. म्हणून मी स्वतः एकेका आघाताचे तुकडे क्वचितच करतो. एक किंवा दोन मात्रांचे तुकडे ठेवतो, म्हणजे मोठा स्नेअर आणि त्याच्यामागचे हलके आघात एकत्र राहतात, आणि त्यांच्यातले कोलमन यांच्या हातचे अंतर शाबूत राहते. तुकड्याचा पहिला आघात ग्रिडवर बसवा. आतल्या आघातांना हात लावू नका.

आता रीसॅम्पलिंग. ही सवय अडचणीतून जन्मली. १९८७ सालच्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, एकूण दहा सेकंदांचाच आवाज मावत असे, तोही १२ बिटांत आणि सेकंदाला सुमारे २६ हजार नमुने या दराने. जागा वाचवण्यासाठी लोक ३३ची रेकॉर्ड ४५ वेगाने वाजवून सॅम्पल करत आणि यंत्रात तिचा स्वर पुन्हा खाली आणत. त्यातून आलेला खरखरीतपणा पुढे आवडू लागला. सॅम्पलरमधून बाहेर काढलेला आवाज मिक्सरवर तापवून पुन्हा सॅम्पलरमध्ये भरला, की परिणामासाठी वेगळे यंत्र अडकून पडत नसे. आज जागेची अडचण उरलेली नाही. तरीही ही पद्धत टिकली, त्यामागे क्रमाचे कारण आहे.

कॉम्प्रेसर आणि डिस्टॉर्शन ही दोन्ही साधने आवाजाकडे एकत्रित पाहतात. मूळ ब्रेक सलग त्यांतून गेला, तर किकमुळे (पायाने वाजणाऱ्या खर्जाच्या ड्रममुळे) दबलेला राइड पुढच्या क्षणी उसळून वर येतो, आणि किक व झांज एकाच वेळी वाजल्यामुळे डिस्टॉर्शनमध्ये दोघांच्या मिश्रणातून नवे स्वर तयार होतात. हा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा आपल्या जुन्या शेजाऱ्याची छाप अंगावर घेऊन नव्या जागी जातो. उसळलेला राइड आता ज्या ठिकाणी किक नाहीच अशा ठिकाणी वाजतो. कान त्या किकला शोधत राहतो, आणि तेथूनच ती अस्वस्थ ओढ निर्माण होते. याउलट आधी तुकडे करून वर चालू प्लगइन ठेवले, तर कॉम्प्रेसर नव्या क्रमाला निमूटपणे जुळवून घेतो आणि सारे सपाट, समजूतदार होऊन बसते. दोन्ही पद्धतींना जागा आहे, पण आपल्याला जुन्या रेकॉर्डींतला भरलेला आवाज हवा असेल तर पहिल्या पद्धतीला पर्याय नाही.

माझा नेहमीचा क्रम सांगतो. चढवलेला ब्रेक हलक्या सॅच्युरेशनमधून (सौम्य डिस्टॉर्शनमधून) नेऊन, कमाल पातळीखाली सहा डेसिबलची मोकळीक राखून नव्या फाइलमध्ये उतरवतो. त्या फाइलचे तुकडे करून कीबोर्डवर मांडतो आणि आठ-सोळा आवर्तने हाताने वाजवतो. वाजवताना फिल्टरची आणि डिस्टॉर्शनची बटणे दुसऱ्या हाताने फिरवतो आणि चुकांसकट सगळे ध्वनिमुद्रित करतो. मग त्या लांब फाइलमधून कानाला धरणारी दोन-तीन आवर्तने निवडून तेवढीच पुढे नेतो. अशा दोन फेऱ्या बहुधा पुरतात. चौथ्या फेरीनंतर ब्रेक कोणाचा होता हे ओळखू येत नाही, आणि तसे असेल तर त्या बिचाऱ्या ब्रेकला मुळात त्रास तरी कशाला द्यावा? प्रत्येक फेरीत डिस्टॉर्शनमुळे वरच्या पट्टीत इतके स्वर वाढतात की जे फाइलच्या नमुनादरात मावत नाहीत ते उलटे परतून काचेसारखे बोचतात. त्यासाठी प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत अधिक नमुनादराने काम करण्याची सोय) चालू ठेवा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग गाळून टाका. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा.

आणखी एक व्यवहारी फायदा. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात विजेच्या खेळखंडोब्यात माझा संगणक गेला. नव्या संगणकावर निम्मे प्लगइन उघडेनात. जे ध्वनिमुद्रित करून ठेवले होते तेवढेच वाचले.

प्रश्न : ब्रेक वर चढवला की किक पातळ होतो. म्हणून मी खाली दुसरा भारदस्त किक जोडला, तर आवाज वाढण्याऐवजी कमी झाला. असे का व्हावे?
— एक वाचक, वास्को

उत्तर : पातळ होणे स्वाभाविक आहे. ६० हर्ट्झचा किक चार सेमिटोन चढवला की ७५च्या आसपास जातो. आवाज कमी होण्याचे कारण फेज, म्हणजे दोन लहरींचे एकमेकींशी पुढेमागे असणे, हे आहे. ६० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन सुमारे १७ मिलिसेकंदांचे असते. दोन किक त्याच्या निम्म्या अंतराने पुढेमागे असले, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि दोघे एकमेकांना खातात. ब्रेकमधला १०० ते १२० हर्ट्झखालचा भाग गाळा, दोन्ही किकच्या लहरींचे पहिले शिखर एकमेकांखाली आणा, आणि एकाची ध्रुवता उलटी करून, म्हणजे लहरीचे चढ-उतार उलटवून पाहा. जी बाजू अधिक भरीव लागेल ती ठेवा. हे सारे मोनोमध्ये ऐका. स्नेअरखाली दुसरा स्नेअर जोडायचा असेल तर तो इतका हळू ठेवा की बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल. खालचे सरळसोट, एकसारखे आघात मोठे झाले की वरच्या ब्रेकची चाल त्यांच्यामागे लपते. आपल्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे ट्रान्स या नृत्यसंगीताचा एकसुरी किक ऐकून अनेकांचा हात नकळत तिकडे वळतो, हे मी निरीक्षण म्हणून सांगतो, तक्रार म्हणून नव्हे.

प्रश्न : दोन-चार सेकंदांचा तुकडा वापरण्यास परवानगी लागत नाही, हे खरे का? जुने ब्रेक वापरण्यापेक्षा चवथीच्या आरतीतले घुमट, शामेळ आणि कासाळे ध्वनिमुद्रित करून त्यांचाच ब्रेक करावा असा आमचा विचार आहे.
— दोन वाचक मित्र, साखळी

उत्तर : ‘इतके सेकंद चालतात’ असा कोणताही नियम कायद्यात नाही. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे असतो, म्हणजे १९६९ सालची रेकॉर्डही अजून मोकळी झालेली नाही. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि रचनेचा वेगळा. घरी शिकण्यासाठी तुकडे करणे ही एक गोष्ट आणि ते विक्रीला ठेवणे ही दुसरी. कोलमन यांना त्या सात सेकंदांपोटी कधी मानधन मिळाले नाही. २००६ साली ते बेघर अवस्थेत वारले. त्यांच्या वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले, पण तेव्हा त्या रेकॉर्डीला ४६ वर्षे उलटून गेली होती.

आपला दुसरा विचार मला मनापासून आवडला. घुमट खाली, काठ्यांनी वाजणारा शामेळ मध्ये आणि कासाळे वर, अशी ही तिघांची मांडणी किक, स्नेअर आणि झांजेच्या मांडणीशी आपोआप जुळते. घुमटाची खरी गंमत मागच्या उघड्या तोंडावरच्या हातात आहे. तो हात मिटला-उघडला की खर्ज वाकतो, आणि हा वाक कोणत्याही तयार किकमध्ये मिळत नाही. म्हणून एक माइक कातड्यासमोर आणि दुसरा उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. कातडे आत जाते तेव्हा मागून हवा बाहेर येते, त्यामुळे दुसऱ्या माइकची ध्रुवता उलटून दोन्ही ऐकून पाहा. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, तेव्हा ते आधी शेकून घ्या आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी स्वर तपासा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यांचे जुळणार नाही. घुमट बकऱ्याच्या कातड्याचे असावे. घोरपडीच्या कातड्याला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि २०१९ साली गोवा सरकारने वारसा वाद्य म्हणून गौरवलेल्या वाद्यासाठी ते शोभणारही नाही.

ऐन आरतीत ध्वनिमुद्रण करू नका. टाळ्या, घंटा आणि चाळीस जणांचे गाणे यांतून स्वच्छ तुकडा निघत नाही, आणि देवासमोर वायरी पसरलेल्या कोणाला आवडतही नाहीत. चवथ झाल्यावर त्याच वादकांना एका दुपारी बोलवा. मेट्रोनोम देऊ नका; आरतीची एखादी चाल कोणाला तरी हळू गुणगुणायला सांगा आणि तिच्यावर त्यांना वाजवू द्या, म्हणजे भरीचे हात आपोआप येतील. तिघांनाही एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवू द्या. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये झिरपला तर घाबरू नका, वर सांगितलेली शेजाऱ्याची छाप तीच. वाजवण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या : कोणी वाजवले, किती मानधन दिले, तुकडे विकले गेल्यास वाटा कसा, आणि श्रेयात नावे कोणत्या क्रमाने. त्या कागदाची एक प्रत वादकांकडे राहू द्या.