आक्रमक ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर हल्ला करते असा संधिवात) प्रत्येक देशातले डॉक्टर वेगळे उपचार का करतात?

सुरुवात बहुतेक ठिकाणी एकच: मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं जुनं औषध, आणि तेही लवकर. फरक पडतो तो पुढे.

ब्रिटनमध्ये खर्च सरकारी आरोग्यसेवेचा, त्यामुळे बायोलॉजिक इंजेक्शनला (दाह वाढवणाऱ्या ठरावीक घटकालाच रोखणारी महागडी औषधं) आकड्यांची चाळणी आहे. डॉक्टर २८ सांधे दाबून सूज आणि दुखणं मोजतात, त्यात रक्ततपासणी धरून स्कोअर काढतात. तो ५.१ च्या वर आणि जुनी औषधं निष्फळ, तरच बहुतेक बायोलॉजिक्स मिळत. २०२१ पासून मध्यम आजारासाठीही काही औषधं खुली झाली. अमेरिकेत ही चाळणी विमा कंपनी लावते. डॉक्टर तयार असले तरी मंजुरी अडते, हे मला जास्त खटकतं.

स्टिरॉइडवर तर तज्ज्ञांचंच एकमत नाही. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, सुरुवातीला थोडे दिवस द्या, पण लवकर बंद करा. अमेरिकेची २०२१ ची तत्त्वं शक्यतो टाळा म्हणतात. पुरावे जवळपास तेच, दुष्परिणामांची धास्ती वेगळी.

जपानमध्ये मेथोट्रेक्सेटची कमाल मात्रा आठवड्याला १६ मिलिग्रॅम (२०११ पर्यंत फक्त ८!), इतरत्र २५ पर्यंत जातात.

देश बदलणार असाल तर जुने स्कोअर आणि आधीच्या औषधांची तारीखवार यादी सोबत ठेवा. नाहीतर पहिल्या पायरीपासून सुरुवात करायला लावतील.