भिंतीहून काच फार

प्रश्न : इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील हार्डविक हॉलचे छायाचित्र पाहिले. दर्शनी बाजूला भिंतीपेक्षा काचच अधिक दिसते आणि खिडक्याही वरच्या मजल्यांवर उंच होत जातात. असे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, ‘हार्डविक हॉल, भिंतीहून काच फार’ अशा अर्थाची उक्तीच इंग्रजीत रूढ आहे. हे घर 1590 ते 1597 या काळात श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच ‘बेस ऑफ हार्डविक’, हिने बांधवून घेतले. ती चार वेळा विवाहबद्ध झाली आणि अखेरच्या वैधव्यात इंग्लंडमधील अतिश्रीमंत स्त्रियांपैकी एक होती. त्या काळी काच अतिशय महाग असल्याने प्रत्येक तावदान हे उघड उघड संपत्तीचे प्रदर्शन होते. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून की काय, सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने ‘ई. एस.’ (एलिझाबेथ श्रूझबरी) ही आपली आद्याक्षरे दगडात कोरून घेतली.

खिडक्यांची उंची मजल्याच्या मानाप्रमाणे आहे. तळमजल्यावर स्वयंपाकघर व नोकरचाकर, पहिल्यावर कुटुंबाचा वावर आणि सर्वांत वर राजेशाही पाहुण्यांसाठी सजवलेली दालने, अशी रचना असल्यामुळे छत आणि खिडकी दोन्ही वर वर चढत गेली. (पहिली एलिझाबेथ राणी मात्र तेथे कधीच आली नाही.) एवढी काच बसवूनही बाहेरच्या भिंती कमकुवत झाल्या नाहीत, कारण धुराडी आतल्या भिंतींमध्ये घेतली आहेत, आराखडा रॉबर्ट स्मिथसन याचा मानला जातो आणि त्याचे खरे कौशल्य, माझ्या मते, येथेच आहे.

वरच्या लांब दालनात बायबलमधील गिडियनच्या कथेचे 13 भिंतपडदे आहेत. ते बेसने एलिझाबेथ राणीचा दरबारी क्रिस्टोफर हॅटन याच्या वारसाकडून विकत घेतले आणि त्यांवरील हॅटन घराण्याची चिन्हे झाकण्याच्या खर्चापोटी किमतीतून 5 पौंड कापून घेतले. पुढे तिच्या वंशजांनी, डेव्हनशायरच्या ड्यूकांनी, चॅट्सवर्थ या आपल्या दुसऱ्या वाड्याला अधिक पसंती दिल्याने हार्डविकमध्ये फारसे फेरफार झाले नाहीत. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारल्यावर आलेल्या जबर वारसाकरापोटी हे घर सरकारकडे आणि 1959 मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे गेले. आता उन्हाने पडद्यांचे रंग उडू नयेत म्हणून या प्रचंड खिडक्यांतून येणारा उजेड अडवून दालने मुद्दाम मंद प्रकाशात ठेवली जातात.