इंग्रजी सुधारायचंय? आधी आपली मराठी वाक्यं तपास

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात राहते. मराठी माध्यमातून शिकले, आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बँकेच्या लिपिक परीक्षेची तयारी करतेय, पण इंग्रजीत मार खाते. तालुक्यातला क्लास तीन महिन्यांचे १५ हजार मागतो. बाबा उसने आणून भरायला तयार आहेत. भरू का? मी लिहिलेला एक अर्ज सोबत पाठवते.

उत्तर : आधी पैशांचं. आत्ता भरू नकोस. तुझा अर्ज मी दोनदा वाचला. चुका बऱ्याच आहेत, पण त्याच तीन सवयी पुन्हा पुन्हा दिसतात आणि पहिल्या दोन मराठीतून आल्या आहेत.

तू लिहिलंस, 'आय हॅव कम्प्लीटेड ट्वेल्फ्थ इन २०२३.' मराठीत 'मी २०२३ मध्ये बारावी पूर्ण केली आहे' हे बिनचूक आहे, म्हणून 'आहे'च्या जागी 'हॅव' बसवलंस. पण इंग्रजीत साल, तारीख किंवा 'काल' असा सरलेला वेळ सांगितला की 'हॅव' चालत नाही. तिथे नुसतं 'आय कम्प्लीटेड' हवं. गंमत बघ, साल काढून टाकलंस तर तुझंच वाक्य बरोबर ठरतं! 'काल मी बँकेत गेले होते' याचंही तसंच : 'हॅड गॉन' नको, 'वेंट' पुरे.

दुसरी सवय स्वल्पविरामाची. 'बाबा शेती करतात, आई अंगणवाडीत आहे, मला नोकरी हवी आहे' हे मराठीत खपून जातं. खरं तर मराठीला ही विरामचिन्हं मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरूनच दिली. जुन्या मोडी लिपीत तर शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. चिन्हं आली, पण शिस्त आपण सैल ठेवली. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नाहीत. पूर्णविराम दे, नाहीतर 'अँड', 'बट', 'सो' घाल.

तिसरं, 'अ' की 'ॲन'. इथे मराठी माध्यमाचा फायदाच आहे. पुढचा शब्द जसा उच्चारतात तसा देवनागरीत लिही. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन'. 'अवर' (तास), 'ऑनेस्ट', 'एमबीए' यांना 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन' यांना 'अ'. स्पेलिंगकडे बघायचंच नाही.

आता सहा आठवडे एवढंच कर. बालभारतीची आठवी ते दहावीची इंग्रजीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. रोज एका धड्यातला एक परिच्छेद मराठीत उतरव, पुस्तक मिट, दुसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा इंग्रजी कर आणि मूळ परिच्छेदाशी ताडून बघ. फरक दिसेल तिथे लाल पेनाने खूण कर. आठवड्याने त्या खुणा मोजल्यास की तुझी चौथी सवय तुलाच सापडेल.

पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. म्हणून 'कानाला बरं वाटतंय' एवढ्यावर खूण करू नकोस. नियम आठवला तरच कर.

सहा आठवड्यांनी हाच अर्ज जुना न बघता नव्याने लिही आणि दोन्ही मला पाठव. क्लासचं तेव्हा ठरवू. बाबांनाही हे पत्र वाचून दाखव.