बेळगावात हृदय बदलतात, मग फुप्फुस का नाही?

प्रश्न : आमचे मालक ५२ वर्षांचे. साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) यार्डात बावीस वर्षं काढली. आता फुप्फुसं आखडलीत म्हणतात. घरात ऑक्सिजनची मशीन आहे, तरी आंघोळ केली तरी दम लागतो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस बदलायचं तर बेंगळूर नाहीतर पुणं गाठा. बेळगावात हृदय बदलल्याचं पेपरात वाचलं होतं की. मग ह्यालाच एवढं लांब का? आधार कार्ड कर्नाटकाचं, पुण्यात नाव घेतील काय? आणि दोन म्हशी आहेत, त्या विकाव्या लागतील का?
— एक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर : ताई, आधी बगॅसचं. ओल्या बगॅसचा ढीग आत तापतो, त्यात सूक्ष्मजंतू वाढतात आणि वाळल्यावर ते धुळीबरोबर छातीत जातात. त्यातून होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस असं नावच आहे. मालकांचा आजार तोच की दुसरा, ते तपासणीत ठरेल. पण यार्डातली बावीस वर्षं प्रत्येक डॉक्टरला न विचारता सांगा. आणि अजून तिकडं जात असतील तर उद्यापासून बंद.

आता ‘इथं का नाही’. चेन्नईला फुप्फुसरोपणाच्या टीममध्ये काही वर्षं काढून मी बेळगावला परत आले, तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. ऑपरेशन हा त्यातला सोपा भाग, असं मी म्हटलं की सर्जन मित्र रागावतात. रागावू देत.

फुप्फुस हा बाहेरच्या हवेला उघडा अवयव. हायवेवर डोक्याला मार लागलेला मुलगा आयसीयूत येतो. मेंदू मृत झाला हे चार डॉक्टरांच्या समितीने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासायचं, मग घरच्यांशी अवयवदानाचं बोलायचं. तेवढ्या वेळात व्हेंटिलेटरवरच्या छातीत कफ साठतो. त्याच दात्याची किडनी घेणारे म्हणतात सलाईन सोडा, आम्ही म्हणतो आवरा, फुप्फुसात पाणी भरतंय. पहाटे तीनला कफ ओढणारी, कूस बदलणारी नर्स असेल तर फुप्फुस वाचतं. एवढं करूनही पाच दात्यांमागे एखाद्याचीच फुप्फुसं कामाची निघतात. एका रात्री आम्ही दुसऱ्या गावी फुप्फुस आणायला गेलो, दुर्बीण घातली तर श्वासनळीत उलटीतला भात. तिकडं आमचा पेशंट उपाशीपोटी ऑपरेशन टेबलापर्यंत पोचला होता. त्याला परत वॉर्डात न्यायचं काम माझ्याकडं आलं.

फुप्फुस काढल्यावर हातात साधारण सहा तास. त्यात रक्तगट जुळायला हवा, छातीचं मापही. दाते थोडे आणि अटी इतक्या, म्हणून वर्षाला दोन-चार ऑपरेशनं होतील अशा ठिकाणी कुणाचाच हात बसत नाही. भूल देणारे, फिजिओथेरपिस्ट, रात्रीचा लॅबवाला, सगळ्यांचा हात बसावा लागतो.

आणि खरं काम घरी गेल्यावर सुरू होतं. टॅक्रोलिमस नावाची गोळी दर बारा तासांनी, जन्मभर. सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त देऊन तिचं प्रमाण बघायचं. कमी झालं तर शरीर फुप्फुस नाकारतं, जास्त झालं तर किडनी जाते. त्यात आपल्याकडं टीबी. टीबीवरचं रिफाम्पिसिन हे औषध टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण झपकन खाली आणतं. परदेशातल्या डॉक्टरला हा पेच क्वचित पडतो, आम्हाला सारखा. म्हणून बेळगावात आधी काय हवं असं कुणी विचारलं, तर मी टॅक्रोलिमसची रोजची तपासणी मागेन, त्याच संध्याकाळी रिपोर्ट देणारी. मोठं थिएटर नंतर मागेन.

पुण्याचं : रहिवासाची अट केंद्राने २०२३ मध्ये काढून टाकायला सांगितली आहे. तरी तिथल्या रुग्णालयाच्या समन्वयकाला आधी फोन करा. नाव एकाच ठिकाणी नोंदवता येतं, म्हणून कर्नाटक की महाराष्ट्र हा वाद घरात घालत बसू नका. जिथं ऑपरेशननंतर वर्षभर भाड्याने राहता येईल, जवळ कुणी नातेवाईक असेल, ते गाव निवडा. २०२३ मध्येच महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे सरकारी मोफत उपचारांची योजना, लागू केली. त्यात हे ऑपरेशन बसतं का, ते लेखी विचारून घ्या. गोळ्यांचा महिन्याचा खर्चही आत्ताच विचारा.

आणि थांबू नका. खाटेवरून उठता येईना, मग बघू, असं म्हणत येणाऱ्यांना आम्हाला परत पाठवावं लागतं. मालक अजून अंगणात चालतायत तोवर न्या. तंबाखूची सवय असेल तर आजच सोडायला लावा. सुटल्याला सहा महिने झाल्याशिवाय बहुतेक ठिकाणी नाव घेत नाहीत. (तंबाखूसाठी प्रसिद्ध निपाणीच्या माणसाला हे सांगताना माझीच जीभ अडखळते.)

म्हशी विकू नका, दुधाचा पैसा लागणार आहे. फक्त दूध उकळल्याशिवाय मालकांनी घ्यायचं नाही आणि गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. बुरसलेला कडबा तर नकोच. तो उपसायला आत्तापासून कुणीतरी बघून ठेवा.